कांद्याचा ताप

मी मुलांच्या वसतिगृहातली, आजारखोलीतली लोखंडी खाट बोलतेय. बसा की, पण जरा उजव्या अंगाला. डावीकडचा माझा एक पाय आखूड आहे. कोणी हललं की तो फरशीवर टकटक वाजतो. तेवढीच मला वाचा.

माझा जन्म याच आवारातला. इंग्रजाच्या काळी इथे खेड्यापाड्यांतल्या मुलांना सुतारकी-लोहारकी शिकवायची शाळा होती. मुलांनीच भट्टीत लोखंड लाल करून मला घडवलं. चौघांनी चार पाय केले, त्यात एक चुकला. मास्तर आधी रागावले, मग म्हणाले, आजाऱ्याच्या खाटेला कुठं गावाला जायचंय, आणि मला या खोलीत टेकवलं.

तेव्हा डॉक्टर घोड्यावरून यायचा. जीभ बघायचा, डोळ्याची पापणी ओढायचा, हिवतापाला कडूजहर क्विनीन पाजायचा. देवी टोचायला माणूस आला की मुलं ज्वारीत जाऊन लपायची. पटकीच्या साली माझा आखूड पाय घडवणारं पोरगंच माझ्यावर येऊन निजलं. दिवसभर तळमळत होतं, मी टकटक वाजत होते. मग ते थांबलं आणि मीही थांबले. त्या दिवसापासून आजारी पोर माझ्यावर असताना सगळं शांत झालं की मला धडकी भरते.

ती शाळा गेली. पुष्कळ वर्षं माझ्यावर तुरीची पोती रचलेली होती. मग इथे वसतिगृह झालं, पोती हलली आणि पुन्हा पोरं आली. तांड्यावरची, शेतकऱ्यांची. आईबाप ऊसतोडीला दूर गेलेले, आणि ही माझ्या हवाली.

पोरं मात्र तेव्हासारखीच लबाड. परीक्षा आली की काखेत कांदा दाबून अंग तापवायचं आणि माझ्यावर येऊन कण्हायचं. स्वयंपाकाच्या मनकर्णाबाई हसून म्हणायच्या, कांदा महागला की आपल्या पोरांची तब्येत सुधारते. सोंगाड्याची खूण मला पाठ आहे. माणूस खोलीत असेतो कण्हतो, माणूस गेला की टुणकन उठून बसतो.

यंदा परीक्षेच्या आदल्या दिवशी किशनला आणलं. त्याचा मित्र पवन त्याला धरून होता. दोघं भर उन्हात, उघड्या डोक्यानं मैदानावर खेळत होती. किशनची पाठ माझ्या पट्ट्यांना लागली आणि मी दचकले. अंग कोरडं, घामाचा टिपूस नाही, आणि भट्टीतलं लोखंड आठवावं असा चटका.

वसतिगृह सांभाळणारे जानराव सर आले. त्यांनी वाकून वास घेतला. किशनच्या काखेला, पायाला, छातीला कांद्याचा वास. झालं, सरांचं तोंड वाकडं झालं.

"सर, कांदा म्या चोळला," पवन म्हणाला. "त्याले ऊन लागलं. ऊन लागलं का कांदा चोळावं, असं माही आजी सांगते."

"परीक्षेच्या टायमालेच बरं लागलं ऊन," सर म्हणाले. "मले कायले शिकवून राह्यला बापू? याच खाटेवर निजलो होतो मी, काखेत कांदा घालून."

आणि ते खरं होतं. लहानपणी जानराव इथेच शिकले. त्यांचं सोंग मीच झेललंय. म्हणून तर त्यांना इतकी खात्री. पवनला त्यांनी अभ्यासाला पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि गेले.

आता खोलीत किशन आणि मी. मी वाट बघत होते की हा उठून बसेल, हसेल, कांदा खिडकीतून फेकेल. देवा, सोंगच असू दे, असं मी पहिल्यांदा म्हटलं. तो उठला नाही. भिंतीकडे तोंड करून आपल्या आईला हाका मारू लागला, "याडी, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात. मग कुठल्याशा बैलाला पाणी पाज म्हणून सांगू लागला. अंगाला झटके येऊ लागले. मी वाजत होते, टकटक, टकटक. कोणी ऐकेना.

मग झटके थांबले. मी गप्प झाले. तीच जुनी शांतता.

तेवढ्यात खिडकीत सरांचं तोंड दिसलं. चपला काढून, चोरपावलांनी आले होते, सोंग पकडायला. त्यांना वाटलं होतं पोरगं बसून हसत असेल. रिकाम्या खोलीत निपचित पडलेलं पोर त्यांनी पाहिलं. सोंग दाखवायला खोलीत तर कोणीच नव्हतं.

दार भिंतीवर आपटलं. सरांनी कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा उचलला. मनकर्णाबाईंनी माठ ओतला, चादर भिजवून पोराला गुंडाळलं. जीप आली. वाशीमच्या दवाखान्याकडे धूळ उडत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच माझ्यावर येऊन बसले. पवन दारात उभा होता.

"सर, म्या कांदा चोळला म्हणून उशीर झाला काय?"



"नाई रे बाबू. तुह्या आजीचा कांदा खरा होता. माह्याच मनात माहा जुना कांदा बसला होता."

खिशातला फोन वाजला. किशनची आई होती, ऊसतोड टाकून थेट दवाखान्यात पोचलेली. पोरानं डोळे उघडले, दोन घोट पेज घेतली, पण अजून उठून बसवत नाही, म्हणाली. सरांनी पवनला शेजारी बसवून घेतलं. माझा आखूड पाय हळूच वाजला.

किशन अजून आलेला नाही. मला भंगारात देऊन नवे पलंग आणायचं चाललंय. आणा, माझं काही म्हणणं नाही, लोखंड आहे मी, पुन्हा भट्टीत जाईन. फक्त ते पोरगं आल्यावर न्या. एकदा येऊन बसू दे, माझा पाय वाजू दे, मग खुशाल उचला.

आणि नव्या पलंगावर जे पोर येऊन निजेल, त्याला कांद्याचा वास येवो की अत्तराचा, आधी कपाळाला हात लावा. नाक मागून लावा.