प्रेरणानं निवडलेला ट्रान्सपोर्ट

इंद्रजीतचा जुना सीडी प्लेअर बंद पडला, त्याच सुमारास कानांच्या डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं, की दोन्ही कानांच्या नसा कमजोर होत चालल्यात. जे ऐकू येईनासं झालंय ते परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल.

कॉलेजात भूगोल शिकवून तो निवृत्त झालेला. सिडकोतल्या घराची एक भिंत सीडींनी भरलेली, त्यातल्या बहुतेक सारंगीच्या. पुण्याहून लेक म्हणाली, "बाबा, सगळं मोबाईलवर मिळतं की."

"मिळत असेल. मला माझ्याकडचं ऐकायचंय, येतंय तोवर."

अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं नीट होतं. हवा होता तो फक्त ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीडी वाचून पुढं पाठवणारं यंत्र. उस्मानपुऱ्यात याह्याभाईंच्या दुकानात दोन होते. इंद्रजीत बायकोला, प्रेरणाला, सोबत घेऊन गेला. तिला या संगीतात कधीच रस नव्हता.

"सर, हा नवा," याह्याभाई म्हणाले. "आणि हा वापरलेला, जपानी. लई वजनदार आहे. दोन्ही ऐका, मग ठरवा. घाई नाय."

इंद्रजीतनं घरून आणलेली सीडी दोन्हींवर लावून पाहिली. एके काळी ऐकायला बसण्याआधी तो उठून फ्रिज बंद करून यायचा, इतका त्याचा कान तिखट.

"नवाच घेऊ," तो म्हणाला. "अगदी शांत चालतो."

याह्याभाई प्रेरणाकडं बघायला लागले. ती गप्प राहू शकली असती.

"अहो, शीळ येतीय याच्यातून. बारीक. कानाशी डास आल्यासारखी."

इंद्रजीत वाकला, यंत्राला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला.

"कधीपासून येतीय?"

"लावल्यापासून."

"मोटारीचा आवाज आहे, सर," याह्याभाई हळूच म्हणाले. "या मालात एखाद्याला असतो."

इंद्रजीत स्टुलावर बसला. चष्मा काढून पुसत राहिला. मग म्हणाला, "प्रेरणा, तूच निवड."

तिनं डोळे मिटून पुन्हा दोन्ही ऐकले. आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढं लक्ष देऊन ऐकत होती. तिनं जुना निवडला.

घरी तो जोडून झाल्यावर इंद्रजीतनं सारंगी लावली. हा राग त्याला पाठच होता. एका जागी तो अडखळला.

"सारंगी वर गेली का आता?"

"गेली."

"कशी आहे?"

प्रेरणा चाचरत म्हणाली, "वरच थांबलीय. हलतीय जराशी. कुणीतरी रडू आवरतंय असं वाटतंय. आता उतरतीय बघा…"

"हं," तो म्हणाला, "आता आली."

त्यानंतर ती रोज दुपारी त्याच्याशेजारी बसू लागली. उन्हाळा लागला तसं तिला जास्त सांगावं लागे, आणि तेही मोठ्यानं. पुढं पुढं तो ऐकताना काही विचारेनासा झाला, आणि मग सीडी काढायला उठेनासाही झाला.

एका दुपारी तो म्हणाला, "आज तुझ्या आवडीची लाव."

आता तिच्या आवडीची एक झाली होती. तिनं ती काढली, लावली आणि सांगायला समोर येऊन बसली. इंद्रजीत तिच्या तोंडाकडं बघत राहिला.