काचडोक्या

पाणबुडी वर जायचं नावच घेईना. सूनबाईनं मोटरचा जोर वाढवला तशी ती नुसती थरथरली आणि होती तिथेच राहिली. इतक्या खोल पाण्यात सूर्य म्हणजे डोक्यावरचा निळसर भास. आत दोघंच: पाणबुडी चालवणारी ती आणि शेजारी काचेला नाक लावून बसलेले तिचे सासरे, समुद्री जीवांचे प्राध्यापक. वर बोटीवरून नवऱ्याचा आवाज आला, "काय गं, निघालात ना?"

"निघतोय," ती म्हणाली. धडधडीत खोटं!

पाणबुडी कशात तरी अडकली होती. कशात, ते काही दिसेना. बाहेर फक्त लाल दिवा चालू होता. या थरातल्या बहुतेक जीवांना लाल रंग दिसतच नाही, म्हणून सासऱ्यांचा तो हट्ट.

"मामंजी, पांढरा दिवा लावते."

"अगं, हात लावू नकोस!" त्यांनी तिचं मनगटच धरलं. "तो बघ, काचडोक्या!"

वीतभर मासा समोर स्थिर तरंगत होता. डोकं काचेसारखं आरपार आणि त्याच्या आत वर वळलेले दोन डोळे, वरून जाणाऱ्या भक्ष्याची सावली टिपायला. तो जिवंत बघायला मामंजींनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. निवृत्तीआधीची ही त्यांची शेवटची बुडी.

"मिनिटभर, पोरी. कॅमेऱ्यात नीट येऊ दे."

बॅटरीचा काटा उतरत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माशापायी सुनेचा जीव टांगणीला लावणारा सासरा जगात दुसरा नसेल! आजवर त्यांच्यापुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"घरी तुमची नात वाट बघतेय! माशाचं कसलं कौतुक लावलंय?"

मामंजी माशाच्या पलीकडे बघत पुटपुटले, "या कोळंब्या अशा एका रेषेत का गं? हलत पण नाहीत."

"मामंजी!"

"अडकल्यात त्या. दोरीत." त्यांनी कपाळावर हात मारला. "मी पण काय गाढव! लाल कोळंबी निळ्या उजेडात काळी दिसते, म्हणून लपते. जन्मभर हेच शिकवलं. मग लाल उजेडात कोळ्यांची निळी दोरी काळीच दिसणार की!"

पांढऱ्या दिव्याचं बटण त्यांनी स्वतःच दाबलं. भक्कन उजेड पडला आणि काचडोक्या शेपटी मारून पसार झाला. मामंजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"दोरी बघ, दोरी! पाणबुडीच्या यांत्रिक हाताला वेढा पडलाय."

कुणाच्या तरी हरवलेल्या जाळ्याची जाड, निळी दोरी होती. वर खेचून खेचून सूनबाईनंच वेढा आवळला होता. दातओठ खात तिनं पाणबुडी आधी खाली घेतली, मग मागे. दोरी सैलावली, काचेवर घासली आणि सुटली.

वर येताना नवऱ्याचा आवाज आला. "बाबा, दिसला का तुमचा मासा?"

मामंजींनी सुनेकडे पाहिलं. तिच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

"नाही रे," ते म्हणाले. "मी भलतीकडेच बघत बसलो होतो."