लहानूजींचं पेडल

अंकुशची गिटार ऑर्केस्ट्रात राहणार की जाणार, हे रविवारी कॉलनीच्या स्नेहसंमेलनात ठरायचं होतं. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या भावनाताईंनी त्याला तसं स्वच्छ सांगितलं होतं.

"साधी वाजवतं तं डब्यावानी वाजते, अन् इको लावला का विहिरीतून आल्यावानी. दोन्ही आवाज एकात आण. नाही तं मी कीबोर्डवाला पाहून राहिली."

मागणी रास्त होती. गिटारचा आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक सरळ, कोरा, दुसरा इकोच्या डबीतून भिजून आलेला. पायाखालच्या पेडलनं हवा तेव्हा कोरा, हवा तेव्हा ओला, हवे तेव्हा दोन्ही मिळून. असं पेडल बाजारात मिळतं. पण अंकुशच्या शेजारी लहानूजी मेश्राम राहत, आणि ज्याच्या शेजारी फुकटचा जाणकार राहतो तो बाजारात जात नाही.

लहानूजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेले. त्यांच्या पाळीत कोणाला साधा झटकाही बसला नव्हता. त्यांनी आठ दिवसांत पेडल बनवलं. लोखंडी पेटीतलं, चार किलोचं. सोबत एक रजिस्टर आणि एक लाल पाटी दिली: 'हात लावू नये. माणसे काम करीत आहेत.'

"काका, हे कायले?"

"कायले म्हंजे? एका लाइनीवरून दुसरीवर जाशीन तं आधी पहिली बंद. मंग पाटी. मंग तुही सही, माही सही. मंग दुसरी चालू. अन् दोन्ही जोडाच्या असन तं आधी जुळवून पाहा लागते."

"पेडलनं कोणी मरत नाही, काका."

"हेच म्हणणारे मरतात गा."

अंकुशनं विचारलं, सही न करता नुसता पाय दिला तर? लहानूजींनी पेटीला लावलेलं कुलूप दाखवलं. किल्ली त्यांच्या गळ्यात, सुतळीला बांधून जानव्यासारखी.

रविवारी हॉल भरला होता. तिसऱ्या गाण्यात, अंतरा संपल्यावर, गिटारचा एकट्याचा तुकडा होता. तिथंच दोन्ही आवाज एकत्र यायचे होते. अंकुशनं मान हलवली. लहानूजी चष्मा आणि रजिस्टर घेऊन स्टेजवर आले. कुलूप काढून त्यांनी कोरी लाइन बंद केली.

गिटार मुकी झाली. तबलेवाला थांबला. भावनाताई थांबल्या. लहानूजींनी पाटी अडकवली, वेळ लिहिली, पेन पुढं केला. आता काय होतंय म्हणून स्टेजवरचे सगळे मान खाली घालून पेटीकडं बघत राहिले.

पहिल्या रांगेत कॉलनीचे अध्यक्ष धोंडबा बसले होते. हॉलमध्ये सगळे स्तब्ध, स्टेजवर सगळ्यांच्या माना खाली. चाळीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात धोंडबांना याचा एकच अर्थ ठाऊक होता. ते टोपी काढून उभे राहिले. मग दुसरी रांग उभी राहिली, मग अख्खा हॉल.

"कोण गेलं गा?" मागून कोणी कुजबुजलं.

"मालूम नाही. पण मोठा माणूस असन."

लहानूजी सावकाश जुळवून पाहत होते. त्यांच्या हयातीत कोणी त्यांना घाई केली नव्हती. सव्वादोन मिनिटांनी त्यांनी पाटी काढली आणि दोन्ही लाइनी जोडल्या. अंकुशनं तार छेडली. कोरा आवाज पुढं, ओला त्याच्या सावलीसारखा मागं. असा सूर त्या हॉलमध्ये कधी उमटला नव्हता. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. धोंडबा हुंदका देऊन खाली बसले.

भावनाताईंनी कीबोर्डवाला आणलाच. पण अंकुशला काढलं नाही, कारण रविवारी हॉलमध्ये असलेल्या एकाचा बुधवारी मौद्याहून फोन आला. शोकसभा होती. गाणी नकोत, म्हणाले. फक्त तो मधातला, सगळे उभे राहतात तो भाग पाहिजे.

अंकुश गेला. तारा आदल्या दिवशी नव्या बसवल्या होत्या. लहानूजींनी लाइन बंद केली, पाटी अडकवली, सही घेतली. अंकुश गिटार धरून मान खाली घालून उभा राहिला. समोर दोनशे माणसं उभी होती, आणि इतकं मन लावून त्याला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

सभा संपल्यावर गेलेल्या माणसाची बायको, मनकर्णाबाई, मुद्दाम त्याच्याकडं आली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लय मन लावून केलं गा बाबू," ती म्हणाली. "फक्त शेवटी शेवटी थोडं लांबलं."