मीठ पाहणारीचा चमचा

मी चमचा बोलतोय. नाव ऐकून हसायचं असेल तर हसून घ्या. माणसांनी माझ्या नावाचं काय करून ठेवलंय ते मला ठाऊक आहे. पण मी कुणाच्या पुढेपुढे करणारा नाही. साधा स्टीलचा, जरा खोलगट, दांड्यावर ‘ता. बा.’ अशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं असलेला चमचा आहे मी. आणि मला जे सांगायचं आहे ते माझ्यापेक्षा भाग्यश्रीचंच जास्त आहे.

कुठल्याशा कारखान्यात पत्र्याच्या तुकड्यावर साचा आदळला आणि मी झालो. तेलंगणातल्या आदिलाबादच्या भांड्यांच्या दुकानातून ताराबाईंनी मला भावंडांसकट घेतलं, तिथंच नाव घालून घेतलं आणि भीमपूरच्या बसनं घरी आणलं. गावाच्या चारी बाजूंना कापूस आणि सोयाबीन. ताराबाईंचे मालक बाबाराव शाळेत मराठी शिकवायचे. एकुलती एक मुलगी भाग्यश्री तेव्हा चुलीपाशी पाटावर बसली तरी अर्धा पाट उरायचा एवढी होती.

त्या घरात भाजी चुलीवरून उतरण्याआधी पहिला घोट लेकीला मिळायचा. ताराबाई मला गंजात, म्हणजे भाजीच्या पातेल्यात, बुडवायच्या, फुंकर घालायच्या आणि पोरीच्या तोंडाशी धरायच्या.

“पाह्य बरं भाग्या, मीठ कसं हाय?”

“चांगलं हाय.”

“चांगलं म्हंजे कसं? गायही चांगली रायते, मास्तरही चांगला रायते. कसं हाय थे सांग.”

मग ती पोर मला तोंडात धरून विचार करायची. जीभ माझ्या पोटाशी फिरायची, टाळूला लागायची, थांबायची. “आंबाडी पह्यले आंबट लागते, मंग पोटातून गोड येते,” असं काहीतरी ती बोलायची आणि बाबाराव अंगणातून ओरडायचे, “वा! हे लिहून ठेव.” खाण्यावर जीव असलेली माणसं पुष्कळ असतात. जे जिभेवर झालं ते शब्दांत सांगायची सवय मात्र तिला त्या चुलीपाशी लागली.

मोठी झाल्यावर तिला आदिलाबादला एका सरकारी ऑफिसात टायपिंगचं काम लागलं. घर सोडताना तिनं मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. हॉटेलातले चमचे पातळ, ओठांना कापल्यासारखे लागतात, असं तिचं म्हणणं. दुपारी ऑफिसातली सुवर्णा तिला स्कूटीवर घेऊन जायची. कधी डोशाची गाडी, कधी बस स्टँडमागची खानावळ, कधी तांदळाच्या पिठाची खमंग सर्वपिंडी करणारी म्हातारी. सुवर्णा जेवून हात धुऊन यायची तरी भाग्यश्रीचा तिसरा घास चाललेला असायचा.

“लिव न मंग हे सगळं,” सुवर्णाच म्हणाली. “मले सांगून काय फायदा? मले तर भूक लागली की सगळंच गोड.”

तिनं मोबाइलवर ‘मीठ पाहू’ नावाचं पान काढलं. एक फोटो आणि चार ओळी. आमटीत चिंच आधी पडली की नंतर, भाकरी कुठल्या बाजूनं जास्त भाजली, एवढंच. तेलुगू वाचकांसाठी शेवटी एक शब्द, ‘बागुंदी’, म्हणजे छान आहे. तो शब्द ती सहज द्यायची नाही. किनवटपासून यवतमाळपर्यंत लोक वाचू लागले. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत दर रविवारी तिचा मजकूर यायला लागला. गावात ताराबाई तो पेपर घेऊन दारोदार जायच्या. त्यांना वाचता यायचं, तरी शेजारच्या वच्छलाबाईंना म्हणायच्या, “तू वाच वं, मले ऐकू दे.”

मी तिच्याबरोबर सगळीकडे गेलो. माणसांच्या गमती पाहिल्या. गरम भजी समोर ठेवायची आणि ती निवेपर्यंत फोटो काढत बसायचं. ती आली की मालक धावत येऊन तिच्या ताटात पनीर वाढायचा, आणि ती ते ताट परत करून शेजारच्या टेबलावर जातंय तसलंच मागायची. त्या दिवसांत मला माझ्या जन्माचा अभिमान वाटायचा.

मग पावसाळ्यात तिला ताप आला. गावी नेऊन आईनं सांभाळलं. ताप उतरला. ताराबाईंनी मऊ भात, वरण, वर लिंबू असं कालवून मला तिच्या तोंडात घातलं.

मला सगळ्यांत आधी कळलं. जीभ माझ्यापाशी आली, फिरली, पुन्हा फिरली, घाईघाईनं कोपऱ्याकोपऱ्यात शोधू लागली. मग थांबली. एखादं माणूस ओळखीचं दार वाजवतं आणि आतून कुणीच बोलत नाही, तशी.

“कसं हाय?” ताराबाईंनी विचारलं.

“छान हाय, आई,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, वास गेला आहे, जिभेच्या नसाही बधिर झाल्या आहेत. कदाचित येईल परत, कदाचित नाहीही. रोज सकाळी लवंग नाकाशी धरा, लिंबू हुंगा. ती हुंगायची. तिखट झोंबायचं, गरम भाजायचं, त्यापलीकडे काही नाही.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. आज ना उद्या चव परत येईल, या आशेवर तिनं एक रविवार काढला, मग दुसरा. ती सुवर्णाच्या तोंडाकडे बघायची. सुवर्णाच्या भुवया वर गेल्या की आंबट, तिनं पाणी घेतलं की खारट. उरलेलं ती जुन्या आठवणीतून लिहायची. पूर्वी सहज न मिळणारा ‘बागुंदी’ आता सगळ्यांना मिळू लागला. मालक खूश झाले. मी मात्र तिच्या तोंडात जायचो आणि चिखलात रुतल्यासारखा बाहेर यायचो.

बाबाराव रिटायर झाले तेव्हा गावात जेवण ठरलं. आचारी बोलवू, असं सगळे म्हणत होते. ताराबाई ऐकेनात. “मास्तरच्या जेवणाचा रस्सा म्याच करीन. पाटोडीचा. माह्या जिभेचा आता भरोसा नाही राह्यला, पण भाग्या हाय न.”

बेसनाच्या वड्यांच्या त्या रश्श्यासाठी अंगणात मोठा गंज चढला. ताराबाईंनी मीठ टाकलं. तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर यशवंतराव आले म्हणून त्या पदर सावरत दाराशी गेल्या. परत आल्या आणि पुन्हा मूठ भरून मीठ टाकलं. भाग्यश्रीनं मला कट्ट्यावर काढून ठेवलं होतं, तिथून मी पाहिलं. चमच्याला ओरडता येत नाही.

मग मला गंजात बुडवून त्यांनी लेकीच्या तोंडाशी धरलं. आजूबाजूला बायका, ‘मीठ पाहू’ वाचणारी पोरं मोबाइल धरून उभी. भाग्यश्रीनं शेजारी पाहिलं. सुवर्णा अजून आली नव्हती.

“पाह्य बाई.”

तिनं घोट घेतला. जीभ माझ्यावर निपचित पडून राहिली.

“एकदम बराबर,” ती म्हणाली.

पंगत बसली. यशवंतरावांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला रिकामा केला. ओळीनं पेले रिकामे होऊ लागले. लोक नुसती जिलेबी खात होते. शेवटी बाबारावांचे चुलतभाऊ मोतीराम म्हणाले, “वयनी, आता स्वयंपाक राहू द्या. हात चालते तुमचे, पण ध्यान नाही राह्यत.”

ताराबाईंनी बोट बुडवून चाटलं. त्यांच्या म्हाताऱ्या जिभेलाही ते कळलं. त्या प्रत्येक पानापाशी जाऊन हात जोडू लागल्या, “चुकलं, माफ करा, भात अन् दही घ्या.” भाग्यश्री खांबाला धरून उभी होती. संध्याकाळपर्यंत कुणीतरी मोबाइलवर काढलेली चित्रफीत सगळीकडे फिरली: ‘मीठ पाहूच्या घरचंच मीठ.’

पाहुणे गेल्यावर ताराबाई परसात गंज घासत बसल्या. भाग्यश्री समोर येऊन बसली.

“तुले समजलं नाही काय वं?”

“आई, मले चवच लागत नाही. ताप आला तवापासून.”

ताराबाईंचा हात थांबला. “मंग काऊन नाही सांगितलं?”

“वाटलं, येईन परत.”

“अन् पेपरात लिवतं थे?”

भाग्यश्री गंजाला लागलेली राख बोटानं पुसत राहिली.

“म्या घरोघर जाऊन वाचायले लावलं,” ताराबाई म्हणाल्या. “अन् आज मोतीराम बोलला तवा तू तिथंच उभी होती.”

भाग्यश्रीनं पानावर खरं लिहिलं. काहींनी बरं वाटेल म्हणून धीर दिला, पुष्कळांनी शिव्या दिल्या. ज्यांचं तिनं खोटं कौतुक केलं होतं ते हॉटेलवाले चिडले, आणि ज्यांचं खरं केलं होतं तेही. सर्वपिंडीवाल्या म्हातारीला गिऱ्हाईकं हसून विचारू लागली, की तुझी तारीफ कधीची, तापाआधीची की नंतरची? वर्तमानपत्रानं रविवारची जागा दुसऱ्याला दिली.

मयूरी नावाची एक कॉलेजातली मुलगी मध्यंतरी विचारायला आली, “ताई, मलाही खाण्यावर लिहायचंय. सुरुवात कुठून करू?” भाग्यश्री खूप वेळ मला बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, “मले नको विचारू.” ती मुलगी चहा न घेताच गेली.

पण हे सगळं तिनं सोसलं असतं. ताराबाईंनी त्या दिवसानंतर चूल पेटवली नाही. लेक रविवारी बसनं येते, विनवते. “आई, कर न काहीतरी. माह्यासाठी कर.”

“तुह्यासाठी?” एकदा ताराबाई म्हणाल्या. “तुले भुसा वाढला तरी सारखाच.”

बोलून झाल्यावर त्या स्वतःच घाबरल्या असाव्यात. भिंतीकडे तोंड करून निजल्या. भाग्यश्री उंबऱ्यात बसून राहिली, बस निघून गेली तरी.

आता घरात डबा येतो. कुणा परक्या बाईच्या हातचा. ताराबाई दोन घास खातात आणि उठतात. माझ्या दांड्यावरची अक्षरं झिजत आली आहेत. कधीतरी मला भंगारात टाकाल, खुशाल टाका. फक्त त्याआधी कुणीतरी त्या दोघींना एका चुलीपाशी बसवा. माझ्यानं ते होत नाही. मला कुणी उचललं तरच मी हलतो.

काल रविवारी डबा उघडला. बाबारावांनी लेकीच्या ताटात वरण वाढलं. ती मला तोंडाशी नेत असताना जुन्या सवयीनं ते विचारून बसले, “कसं हाय, भाग्या?” विचारलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ताराबाईंनी मान वर केली नाही.

भाग्यश्रीनं मला तोंडात धरलं. जिभेनं पुन्हा एकदा सगळीकडे शोधलं.

“गरम हाय, बाबा,” ती म्हणाली.