उघाडीवरचे आकडे

समाजमंदिरात ठराव लिहून तयार होता. समितीच्या दिनानाथकाकांची सही तेवढी बाकी होती. दिव्यांच्या अवसेला बांधाची उघाडी, म्हणजे खाडीच्या तोंडावरचा लोखंडी दरवाजा, कोणीतरी भर भरतीला उघडला आणि लावणी झालेल्या वीस एकरांत खारं पाणी शिरलं. दरवाजावरच्या यंत्राने वेळा टिपल्या होत्या: सकाळी सात पाच आणि दुपारी बारा चाळीस. सही झाली की राखणदार कान्हूचं काम जाणार होतं.

"मी एकदाच उघडली, सांजच्याला, सुकतीला, खाडी ओसरल्यावर," कान्हू चौथ्यांदा म्हणाला. "पावसाचं पाणी सोडाया."

"मग काय, मशीन ताडी पिऊन लिवतंय व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"मृणाली, तू रोह्याला लॅबमध्ये हायस. सहीच्या आधी एकदा बघ गो," काका म्हणाले.

मृणालीने यंत्राची मूळ फाइल उघडली. तिच्यात तारीख-वेळ नव्हतीच. दरवाजा दोनदा उघडला होता; दर वेळचा एक दहा अंकी आकडा, पुढे पाण्याची उंची. १७५३३४०७००, ४.१ मीटर. १७५३३६०८००, ०.६ मीटर. ठरावात उंची कोणी उतरवलीच नव्हती.

"कान्हूदादा, अवसेला खाडी कधी भरते?"

"बारा-साडेबाराला. पोरंबी सांगतील."

"फाइलमध्ये बारा चाळीसला जेमतेम गुडघाभर पाणी आहे."

मिठागरात जन्म गेलेली ठमाबाई भिंतीपासून पुढे सरकली. "अवसेला दुपारची खाडी सुकी? कुठल्या गावाला रं?"

"यंत्र १९७० सालापासूनचे सेकंद मोजतं," मृणाली म्हणाली, "आणि त्याची वेळ इंग्लंडच्या घड्याळाची. तारीख काढणाऱ्याने आपले साडेपाच तास मिळवलेच नाहीत. बारा चाळीस म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा दहा."

"सुकती," ठमाबाई म्हणाली.

कान्हू खाली बसला.

"मग सात पाच म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

ती बेरीज तिने केव्हाच केली होती. अवसेला दुपारी एकच्या सुमारास तिचा नवरा निकेश कमरेपर्यंत भिजून घरी आला होता, हातात दोन मोठे जिताडे. उघाडीच्या दरवाजातून जोराने आत येणाऱ्या पाण्यात जाळं धरलं की असे मासे मिळतात. कालवण सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं होतं. तिने काही विचारलं नव्हतं. आता निकेश दाराशी चपला शोधत होता.

"मृणाली?"

"बारा पस्तीस. दुपारचे. भर भरती."

दरवाजाची चावी कान्हूच्या झोपडीत खुंटीला असायची, हे गावाला ठाऊक होतं. तरी माना पुन्हा कान्हूकडेच वळल्या. काकांनी पेन उचललं.

"थांबा, काका." तिने दाराकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

निकेशने पायात घातलेली एक चप्पल काढली आणि तो आत आला.