दुसरी ‘ब’च्या मॅडम

शीलाला जाऊन वर्ष व्हायच्या आतच तिच्या जागेसाठी तिच्या धाकट्या बहिणीला, कमलिनीला, मुलाखतीचं बोलावणं आलं.

कमलिनीला जायचं नव्हतं. दुर्गच्या कॉलेजातून तिचं बी.एड. नुकतंच झालं होतं आणि नोकरी हवीच होती, पण ही नको. खुर्सीपार वस्तीतली तीच हिंदी शाळा, तीच दुसरी ‘ब’, जिथं ताईनं पोरांना बेरजा-वजाबाक्या शिकवल्या, तिथंच जाऊन उभं राहायचं हे तिच्या जिवावर आलं होतं. पण आई हटूनच बसली.

शीला तापानं आठवड्याभरात गेली तेव्हापासून मैनाबाई घरात असून नसल्यासारखी होती. सिगडीवर दूध उतू जायचं आणि ती समोर बसून नुसती पाहत राहायची. रडली तर एकदाही नव्हती. तीच मैनाबाई त्या दिवशी सकाळी सकाळी उठली, पेटी उघडली आणि शीलाची निळी साडी काढून तिला इस्त्री करायला बसली. दिवाळीसाठी म्हणून शीलानं घेतलेली ती साडी. तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

“ताईची साडी कावून काढली, आई? माही पिवळी आहे ना.”

“हेच नेस. आज हेच नेस.”

वडील धोंडबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनची नाइट शिफ्ट करून नुकतेच आले होते. बूट काढता काढता म्हणाले, “तुह्या मनात नसन तं नको जाऊ, पोरी.” मैनाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गुमान न्हाणीत निघून गेले.

शाळेत बाहेरच्या बाकावर दुसरं कोणीच नव्हतं. एका जागेसाठी पन्नास अर्ज पडायचे ते दिवस, आणि इथं ती एकटीच. कमलिनीला ते तेव्हाच खटकलं.

आत प्राचार्या मिसेस मॅथ्यू आणि शाळेचे मॅनेजर दुबेजी बसले होते. दुबेजींनी सुरुवातीचे प्रश्न विचारले. कुठं शिकलात, टीचर का व्हायचंय, गणित शिकवता येईल का. ती उत्तरं देत गेली. मग मिसेस मॅथ्यूंनी विचारलं, “बच्चा रोज़-रोज़ वही ग़लती करे, तो आप क्या करेंगी? मारेंगी?”

“नहीं, मॅडम. पहले पूछूँगी, सुबह कुछ खाकर आया है कि नहीं.”

मिसेस मॅथ्यूंनी दुबेजींकडे पाहिलं. दुबेजींनी नजर खाली घातली.

“आपकी बहन ने भी इसी कुर्सी पर यही कहा था,” मिसेस मॅथ्यू हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “एक आख़िरी सवाल. आप डरती तो नहीं हैं?”

“किससे, मॅडम?”

शीलानंतर त्या वर्गात कोणी टीचर टिकत नाही, कोणी महिन्यात जाते, कोणी आठवड्यात, एवढंच सांगितलं आणि त्या उठल्या. “चलिए, क्लास लेकर दिखाइए.”

दुसरी ‘ब’ व्हरांड्याच्या टोकाला होती. दोघी आत शिरल्या तशी पोरं उभी राहून एका सुरात म्हणाली, “नमस्ते, मॅडम!” मिसेस मॅथ्यू मागच्या बाकावर जाऊन बसल्या. कमलिनीनं खडू घेतला आणि हातच्याची बेरीज फळ्यावर मांडली. पोरं बोटं मोजू लागली आणि तिला धीर आला. एकक झालं, हातचा एक दशकावर ठेवला.

तेवढ्यात मागं बाक करकरले.

ती वळली. सगळा वर्ग पुन्हा उभा होता. पण तिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. पोरांची तोंडं दाराकडे होती.

“नमस्ते, मॅडम!”

दार उघडं होतं. व्हरांड्यात ऊन पडलं होतं. उंबऱ्यात कोणी नव्हतं. मागच्या बाकावर मिसेस मॅथ्यूंनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता.

कमलिनीच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावं असं पायांना वाटत होतं. पण भीतीच्या मागून दुसरंच काही वर आलं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. घरी आई भिंतीकडे पाहत बसते, बाबा शिफ्टवरून येऊन मुक्यानं जेवतात, मी रोज तिच्याच बाजेवर झोपते, आणि घरी ही स्वप्नातसुद्धा येत नाही. इथं येते!

पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक पोरगी होती. कमलिनीनं तिलाच विचारलं, “कौन आया, बेटा?”

“शीला मॅडम.”

“क्या कर रही हैं?”

“आपको देख रही हैं.”

“ग़ुस्सा हैं क्या?”

पोरीनं दाराकडे नीट निरखून पाहिलं. “नहीं. साड़ी देख रही हैं. हँस रही हैं.”

कमलिनी त्या रिकाम्या उंबऱ्याकडे वळली आणि घरच्या बोलीत, त्या वर्गात फारशा कोणाला न कळणाऱ्या बोलीत, म्हणाली, “ताई, मी आहो इथं. तू बस.”

पोरं खाली बसली. तिनं दशकाची बेरीज पुरी केली.

घरी पोचली तेव्हा मैनाबाई फाटकातच उभी होती. नोकरी लागली का, हे तिनं विचारलंच नाही.

“दिसली काय तुले?”

कमलिनी जागीच थबकली. “तुले कोणं सांगतलं?”

“बाजूच्या बेबीताईची नात आहे ना त्या वर्गात. तिनंच सांगतलं, शीला मॅडम येते म्हून. मले कोण जाऊ देते शाळेत? म्हून तुले धाडलं.” मैनाबाईनं तिचा हात घट्ट धरला. “सांग ना वं. कशी आहे? बारीक झाली काय?”

“मले नाही दिसली, आई. पोरांले दिसली. हासून राहिली होती म्हणे.”

मैनाबाई फाटकाला धरून खाली बसली आणि इतक्या महिन्यांचं रडणं तिथंच रडली. धोंडबा झोपेतून उठून उघड्याच अंगानं धावत बाहेर आले. शेजारच्या क्वार्टरांतून बायका जमल्या. बेबीताई पाणी घेऊन आली. कोणी मैनाबाईला उठवलं नाही.

कमलिनीनं नोकरी धरली. मैनाबाई रोज दुपारी तिचा डबा घेऊन शाळेत जाऊ लागली. पोरं “नमस्ते” म्हणत उभी राहिली की ती चटकन मागं वळून पाहायची. कधी कधी तिला वाटायचं की ते नमस्ते आपल्याला नव्हतंच, आणि त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवायची.

जुलैत ती पोरं तिसरीत गेली. नव्या पोरांना शीलानं कधी शिकवलंच नव्हतं, ती पोरं दाराकडे पाहत नव्हती. मैनाबाईनं महिनाभर वाट पाहिली आणि मग डबा सकाळीच कमलिनीच्या पिशवीत घालून द्यायला लागली.

कमलिनी अजून फळ्यावर लिहिता लिहिता एकदम वळते. पोरांचे सगळे डोळे तिच्यावरच असतात. ती क्षणभर थांबते आणि पुढचं गणित घालते.