खिडकीच्या वरचा माणूस

"अजून खाली वाका. गुडघे टेकले तरी चालतील, इथे सगळेच टेकतात," रालित्सा आपल्या पाहुण्यांना सांगत होती.

खिडकीत आधी कॅमेरा आला, मग एक लालसर चेहरा. दोन्काने पाण्याची बाटली पुढे सरकवली. चेहऱ्याने फोटो काढला आणि तो वर नाहीसा झाला.

दोन्काचे दुकान बल्गेरियातल्या सोफिया शहरात, एका जुन्या इमारतीच्या तळघरात होते. खिडकी फुटपाथला टेकलेली. गिऱ्हाईक उकिडवे बसून मागायचे, दोन्का आतून वर हात करून द्यायची. या रस्त्यावर पूर्वी अशी सहा दुकाने होती. आता हे एकच उरले होते, म्हणूनच रालित्साने ते आपल्या फेरीत घातले होते. परक्यांना ठाऊक नसलेल्या जागा दाखवणे हा तिचा धंदा. दर मंगळवारी आठ-दहा जण यायचे. विकत कोणी काही घेत नसे.

"रालित्सा, जरा थांब. तू दिवसभर वर हिंडतेस. एक म्हातारा दिसला का गं? काठीवाला. एकोणीस वर्षं येतोय माझ्याकडे."

"कसा आहे दिसायला?"

"तपकिरी बूट. डाव्याची टाच बाहेरून झिजलेली. उजवा पाय ताठ टाकतो."

"मावशी, तोंड कसंय ते सांग."

"तोंड कुठे बघितलंय मी!"

"एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक ना तुझं?"

"तो वाकतच नाही. गुडघा लाकडाचा झालाय त्याचा."

रालित्साला हसू आले. मग दोन्काचा चेहरा पाहून ते मावळले. "बघते हं," म्हणत ती पुढे गेली.

तो रोज दहाच्या सुमाराला यायचा. फुटपाथवर काठी दोनदा आपटायची, मग उलटी धरलेली काठी खाली यायची आणि तिच्या मुठीला अडकवलेली कापडी पिशवी खिडकीत लोंबायची. अर्धा पाव, दह्याचा डबा, सूर्यफुलाच्या बियांची पुडी. दोन्का पिशवी भरून खालून हिसका द्यायची.

"दही कालचं दिलंस तर काठी आत खुपसीन हां."

"खुपसा, मास्तर. ओढून घेईन. मग जा घरी लंगडी घालत."

वरून खोकल्यासारखे हसू यायचे. तो खरेच कधी मास्तर होता की नाही, तिला माहीत नव्हते. नाव तिने विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. रस्त्यावर यायचे तर मागच्या अंगणातून वळसा पडे. जाऊ कधीतरी, असे तिला एकोणीस वर्षे वाटत राहिले.

शेवटच्या दिवशी पिशवीचा बंद तुटला होता. "ठेवून जा, शिवून ठेवते," ती म्हणाली होती. पाव कोटाच्या एका खिशात आणि दही दुसऱ्यात घालून तो गेला होता. "उद्या पिशवी नाही दिलीस तर कोट धुवायला तुझ्याकडेच आणीन."

त्याला आता बारा दिवस झाले होते. शिवलेली पिशवी खिडकीजवळच्या खिळ्याला होती.

दुपारी तिने दुकान बंद केले आणि आसपासची दारे पाहत निघाली. गेलेल्या माणसांचे फोटो आणि नावे छापलेले कागद तिथे दारांवर, दिव्याच्या खांबांवर, झाडांवर चिकटवलेले असतात. दोन रस्त्यांत पाच म्हातारे पुरुष निघाले. पाचांनीही टाय बांधला होता. सगळे फोटो छातीशी संपत होते.

"काय शोधतेस?" शेजारच्या इमारतीतली सेवदा खुर्ची टाकून बाहेर बसली होती.

"यातला काठी कोण वापरायचा?"

"आमच्या वयाला काठी कोण वापरत नाही ते विचार."

"गेला असेल तर चाळिसाव्या दिवशी पाद्रीबाबांना चिठ्ठी द्यायचीय. प्रार्थनेत वाचायला नाव लागतं."

"मग पाचही नावं दे. एकाला तरी लागेल." मग सेवदाचा आवाज उतरला. "आजारी असेल गं. लगेच मारू नकोस त्याला."

दोन्का रोज अर्धा पाव बाजूला ठेवू लागली. संध्याकाळी तो घरी नेऊन खाई.

चोविसाव्या दिवशी, साडेदहाला, तपकिरी बूट आले.

डावी टाच बाहेरून झिजलेली. दोन्काने एका हाताने पिशवी ओढली, दुसऱ्याने पाव. "मास्तर! होतात कुठे इतके दिवस?"

बूट थांबले. मग दोन्ही गुडघे सहज वाकले आणि खिडकीत चाळिशीच्या एका माणसाचा दाढी वाढलेला चेहरा आला.

"सिगरेट सुटी देता का, मावशी?"

तिने सिगरेट दिली. हात पुन्हा आत घ्यायचे तिला सुचले नाही.

"हे बूट कुठे मिळाले तुला?"

"चोरलेले नाहीत!" तो दचकला. "वरच्या चौकात, हिरव्या दाराचं घर आहे ना, त्याच्या कचरापेटीपाशी. पुसून नीट मांडून ठेवले होते. काठीपण होती, ती दुसऱ्यानं नेली."

गेलेल्याच्या चांगल्या वस्तू घरचे लोक अशाच मांडून ठेवतात, हे दोघांनाही माहीत होते.

"होतात का तुला?"

"बरोब्बर होतात."

"टाच बदलून घे. पाय मुरगळेल."

हिरवे दार तिच्या दुकानापासून दीडशे पावलांवर होते. दारावर कागद एकच होता. लुचेझार मिंचेव, वय ७८. हेही तोंड तिने बारा दिवसांपूर्वी पाहिले होते आणि पुढे गेली होती. रुंद कपाळ, पातळ ओठ. तिने नाव दोनदा वाचले. पाठ झाले. चेहऱ्याची मात्र ओळख पटेना.

मग पिशवी पोटाशी धरून, भिंतीचा आधार घेत, ती हळूहळू फुटपाथवर उकिडवी बसली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहू लागली.

आतून एक बाई दार उघडून बाहेर आली. "काही पडलं का हो तुमचं?"

"नाही," दोन्का म्हणाली. "उठते."

पण ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.